साल विचारा, महिनाही विचारा: पावसाळ्यातील दाभोळ

१/
दाभोळला केव्हा जावे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, समुद्र शांत असतो, ताजी मासळी मिळते. जून ते ऑगस्ट या महिन्यांवर मात्र ‘ऑफ सीझन’ असा शिक्का बसलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने दाभोळ एकदा तरी याच महिन्यांत पाहावे, असे माझे मत आहे. का, ते या धाग्यात मांडते.

२/
प्रथम भूगोल. वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणजवळून वाहते आणि पुढे रुंद खाडी होऊन अरबी समुद्रास मिळते. या मुखाच्या उत्तर तीरावर दाभोळ आहे. दक्षिण तीरावर धोपावे, वेलदूर, अंजनवेल ही गावे आहेत. दाभोळ दापोली तालुक्यात, समोरचा तीर गुहागर तालुक्यात. दोन्ही तीर रत्नागिरी जिल्ह्याचेच.

३/
आज दाभोळ हे लहानसे गाव आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकात मात्र दख्खनच्या सुलतानांसाठी ते जगाकडे उघडणारे एक प्रमुख दार होते. बहमनी राज्याचा पुढे विख्यात झालेला वजीर महमूद गावान इराणहून व्यापारी म्हणून आला, तो याच बंदरात उतरला. अरबस्तान आणि खुरासानकडील घोडे येथे जहाजांतून उतरत आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत दाखल होत.

४/
रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७०च्या आसपास या प्रदेशात होता. त्याने भारताच्या भूमीवर पाऊल ठेवले ते चौलला. परतीच्या प्रवासासाठी जहाज धरले ते दाभोळहून. वारा अनुकूल नसल्याने ते भरकटले आणि होर्मुझला पोहोचण्यापूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकानेही दाभोळचे वर्णन केले. मक्का, एडन, होर्मुझ, खंबायत, मलबार अशा ठिकाणांची जहाजे येथे येत असल्याचे तो नोंदवतो.

५/
एवढी माहिती कोणत्याही मोसमात वाचता येते. मग जुलैत प्रत्यक्ष जाण्याचे कारण काय? कारण या बंदराचे वर्ष बारा महिन्यांचे नव्हते. समुद्र जेवढे दिवस ‘उघडा’ असे, तेवढेच त्याचे चलतीचे दिवस. उरलेले महिने बंदर मिटून बसे. हे मिटलेपण पाहिल्याखेरीज उघडलेपणाचा अर्थ कळत नाही.

६/
मोसम हा शब्द पाहा. मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. त्यातूनच आपला ‘मोसम’ आला आणि पोर्तुगिजांच्या तोंडून फिरत इंग्रजीतला ‘मान्सून’ही आला. दर्यावर्दींच्या लेखी मान्सून म्हणजे प्रथम वाऱ्याचे वेळापत्रक, पाऊस त्यानंतरचा. थंडीत ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर कोकणातील गलबते अरबस्तानाकडे निघत आणि नैऋत्येच्या वाऱ्याचा जोर ओसरू लागला की त्याच्या शेपटीला धरून परत येत.

७/
या दोहोंच्या मध्ये असे तो ‘बंद’ काळ. पंधराव्या शतकातील थोर अरब नाविक अहमद इब्न माजिद याच्या नौकानयनविषयक लेखनात समुद्र ‘बंद होण्याची’ संकल्पना येते. पश्चिम भारताच्या किनाऱ्याला ऐन पावसाळ्यात सुमारे तीन महिने जहाज लावता येत नसे. चुकून कोणी आलाच, तर वाऱ्यापुढे खडकाळ किनाऱ्यावर आदळण्याचा धोका असे.

८/
गेल्या जुलैत मी दापोलीहून सकाळच्या एसटीने दाभोळला गेले. अंतर सुमारे ३० किलोमीटर. धक्क्यावर होड्या वर ओढून प्लास्टिकच्या कापडाखाली झाकून ठेवलेल्या. पूर्वी हेच काम झापांनी आणि गवताने होई; त्याला शाकारणे म्हणत. पडवीत जाळे विणत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना मी विचारले, “काका, मशिदीकडे कुठून जायचं?” रस्ता दाखवून ते म्हणाले, “आत्ता काय बघायला आलीस पोरी? दर्या बंद आहे.”

९/
दर्या बंद आहे! इब्न माजिदची संकल्पना आणि दाभोळच्या पडवीतील हे वाक्य यांत पाचशे वर्षांहून अधिक अंतर आहे. अर्थ तोच आहे. आज त्याला सरकारी नियमाचीही जोड आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचाही काळ. पुढे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो आणि नवे दर्यावर्षच सुरू होते.

१०/
आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. किनाऱ्याचा इतिहास शिकताना आपण साल पाठ करतो. महिना सोडून देतो. परीक्षेत महिन्याला गुण नसतात. परंतु किनाऱ्यावरील घटनेचा महिना माहीत नसेल, तर ती अशीच का घडली, हे बरेचदा समजतच नाही. काही उदाहरणे घेऊ. पहिले उदाहरण दाभोळच्या सर्वांत काळ्या दिवसांचे आहे.

११/
मार्च १५०८. चौलजवळ इजिप्तचे मामलुक आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पित्याने सूडाचा निश्चय केला. त्याचे आरमार सूडासाठी उत्तरेकडे निघाले ते थेट वर्षअखेरीस. मध्ये नऊ महिने गेले. का?

१२/
कारणे अनेक होती. नव्या जहाजांची वाट पाहणे, पोर्तुगीज अधिकाऱ्यांमधील अंतर्गत कलह ही त्यांपैकी काही. पण दिनदर्शिका समोर धरली की सर्वांत साधे कारण दिसते. मार्चनंतर तयारीस जेमतेम दोन महिने उरतात. मग समुद्र बंद होतो. युरोपातून येणारी जहाजेही पावसाळा सरतानाच भारतात पोहोचत. सूडालाही मोसमाची वाट पाहावी लागली.

१३/
डिसेंबर १५०८च्या शेवटच्या दिवसांत आल्मेदाचे आरमार वाशिष्ठीच्या मुखाशी आले. दाभोळ तेव्हा आदिलशाहीच्या ताब्यात होते. मुखाशी संरक्षणाची व्यवस्था होती, तरीही पोर्तुगीज शिरले. शहर लुटले, जाळले. स्त्रिया, मुले, वृद्ध कोणालाही सोडले नाही, हे खुद्द पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, अशा अर्थाचा शाप त्यानंतर लोकांच्या तोंडी रूढ झाला, अशीही नोंद त्यांच्याच लेखनात आढळते.

१४/
तेथून आल्मेदा पुढे गेला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत त्याने मामलुक-गुजरात आरमाराचा पराभव केला. पाठ्यपुस्तकांत दीव ठळक अक्षरांत असते. दाभोळ बहुधा नसतेच. दीवला आरमाराशी आरमार लढले. दाभोळला आरमार गावावर चालून गेले. हा फरक आपण विसरता कामा नये.

१५/
आता तो डिसेंबरचा शेवट डोळ्यांसमोर आणा. आजच्या पर्यटनात हाच आठवडा सर्वाधिक गर्दीचा. सोळाव्या शतकातही तो बंदराच्या भरभराटीचा काळ होता: वारा अनुकूल, वखारी भरलेल्या, परगावचे व्यापारी मुक्कामाला. ज्या वाऱ्याने व्यापारी येत, त्याच मोसमात शत्रूही येई. दाभोळचे दार उघडे असे तेव्हा ते सर्वांनाच उघडे असे. उलट पावसाळ्यात समुद्राकडून येणाऱ्या शत्रूपुरता तरी या गावाला खवळलेल्या पाण्याचा तट लाभे.

१६/
दुसरे उदाहरण गोव्याचे. १५१०च्या आरंभी अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला. मे महिन्यात आदिलशाही फौज चालून आली आणि पोर्तुगिजांना शहर सोडून जहाजांवर आश्रय घ्यावा लागला. मात्र तोवर पावसाळा दाराशी आला होता. मांडवीच्या मुखावरील वाळूचा दांडा ओलांडून समुद्रात जाणे अशक्य झाले. जूनपासून ऑगस्टपर्यंत ते आरमार नदीतच अडकून पडले, अन्नान्नदशा झाली.

१७/
पावसाने दार लावून घेतले तेव्हा पोर्तुगीज आत सापडले. ऑगस्टमध्ये वाट मिळताच ते निसटले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे मोसम पुन्हा उघडल्यावर, त्यांनी गोवा परत घेतला. एकाच वर्षातील या तीन घटना नुसत्या ‘१५१०’ म्हणून वाचल्या तर गोंधळ वाटतो. महिन्यांसह वाचल्या की त्यांतील क्रम आणि कारण दोन्ही उलगडतात.

१८/
तिसरे उदाहरण आपल्या परिचयाचे. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. पाठोपाठ मराठी फौजा कोकणात उतरल्या. खानाची जहाजे दाभोळहून राजापूरकडे निसटली आणि जानेवारी १६६० मध्ये मराठे त्यांच्या मागावर राजापुरात पोहोचले. त्या प्रकरणात तेथील इंग्रज व्यापारीही गुंतले. समुद्र उघडा होता म्हणून जहाजे निसटू शकली. हाच प्रसंग आषाढात घडता, तर ती शाकारलेल्या अवस्थेत खाडीतच राहण्याची शक्यता अधिक होती. पुढे १६६१च्या कोकण मोहिमेत दाभोळ स्वराज्यात आले.

१९/
मराठी राज्यकर्त्यांना या वेळापत्रकाचे पूर्ण भान होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा स्वतंत्र विचार आहे. पावसाळ्यापूर्वीच आरमार बंदरात आणावे, जवळ किल्ल्याचा आधार असावा, आणि दरवर्षी एकाच बंदरावर छावणी करू नये, असा त्याचा आशय. छावणीतील खलाशांचा आणि शिपायांचा उपद्रव एकाच ठिकाणच्या रयतेला वर्षानुवर्षे होऊ नये, ही त्यामागची दृष्टी.

२०/
येथे ‘ऑफ सीझन’चा आणखी एक पैलू दिसतो. बंद महिन्यांत बंदर रिकामे नसे. मिळकत थांबलेली आणि तोंडे तेवढीच. म्हणूनच कोकणात ‘आगोट’ हा शब्द आहे: पावसाळ्याचे तोंड, आणि त्याआधी करावयाची बेगमी. सुकी मासळी, तांदूळ, सरपण, मीठ, सारे मृगाआधी घरात हवे. आजही मे महिन्याच्या अखेरीस कोकणातील घरांत आगोटीची लगबग असते. बंद बंदराचे अर्थशास्त्र या एका शब्दात साठलेले आहे.

२१/
चौथे उदाहरण दाभोळच्याच तालुक्यातील. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला गेला तो एप्रिल १७५५ मध्ये, मोसम संपता संपता. त्यांचे मुख्य ठाणे विजयदुर्ग. तेथे इंग्रजी आरमाराने हल्ला केला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. आंग्र्यांचे आरमार तेव्हा जळाले. या दोन तारखांच्या मधोमध एक पावसाळा आहे. आंग्र्यांना मिळालेली ती शेवटची उसंत होती.

२२/
पुन्हा दाभोळकडे. काकांनी दाखविलेल्या वाटेने खाडीकाठच्या शाही मशिदीपाशी पोहोचले. स्थानिक लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. आदिलशाही धाटणीची ही दगडी वास्तू: उंच जोते, मोठा घुमट, चार मिनार. पावसाने दगड काळाभोर झालेला, पायऱ्यांवर शेवाळ, सभोवती एकही पर्यटक नाही. जुन्या दाभोळच्या वैभवाची साक्ष देणारी एवढी ठळक वास्तू गावात दुसरी नाही.

२३/
तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. विजापूरची एक राजकन्या मोठ्या लवाजम्यासह हजला जाण्यासाठी दाभोळला आली. सागरी प्रवास धोक्याचा ठरल्याने तिला जाता आले नाही. मग यात्रेसाठी आणलेले धन तिने ही मशीद बांधण्यास वेचले. आख्यायिकेला इतिहास मानू नये, हे खरेच. पण दाभोळने आपली सर्वांत मोठी इमारत एका ‘न झालेल्या’ प्रवासाशी जोडली आहे. वाट पाहणे हा येथील लोकांच्या अनुभवाचा किती मोठा भाग असेल, हे त्यावरून जाणवते.

२४/
दुपारी फेरीबोटीने धोपाव्याला गेले. माणसे आणि वाहने नेणारी ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचला. पाऊस असूनही ती चालू होती, कारण ती खाडीच्या आत चालते. बोटीवरून फरक स्पष्ट दिसतो. आत पाणी गढूळ, तांबूस, पण होडी चालण्याजोगे. मुखाकडे मात्र फेसाची पांढरी रेघ. बंदर नदीच्या आत का वसले, याचे उत्तर त्या रेघेत आहे. जानेवारीत तेथे पाणी इतके शांत असते की हा प्रश्नच पडत नाही.

२५/
दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड मुखावर नजर ठेवून उभा आहे. त्याच परिसरात तो वीजप्रकल्प आहे, ज्यामुळे ‘दाभोळ’ हे नाव १९९०च्या दशकात जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, १९९९ मध्ये उत्पादन सुरू झाले, २००१ मध्ये ते बंद पडले. प्रकल्प गुहागर तालुक्यात. नाव पलीकडच्या तीरावरील गावाचे. आज ‘दाभोळ’ म्हटले की अनेकांना प्रथम तो वादच आठवतो.

२६/
पण या प्रकल्पाचीही एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जुळते. येथील द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल २०१३ मध्ये कार्यान्वित झाले, तरी लाटांना अडवणारी भिंत, म्हणजे ब्रेकवॉटर, अपुरी असल्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकत नव्हती. अवाढव्य पोलादी वायुवाहू जहाज आणि पंधराव्या शतकातील घोडे वाहणारे गलबत, दोघांनाही वाशिष्ठीच्या मुखाशी एकच नियम लागू झाला.

२७/
मग दाभोळ मागे का पडले? पोर्तुगिजांचे वारंवार हल्ले, सुरत आणि पुढे मुंबईचा उदय, आदिलशाहीचा अस्त, वाढत गेलेले जहाजांचे आकार, आणि अखेरीस रेल्वे व रस्ते: कारणांची ही माळ बरीच लांब आहे. मुंबईसारख्या खोल आणि आडोशाच्या नैसर्गिक बंदरासमोर वाळूच्या दांड्याआड असलेल्या खाडीबंदराची बाजू लंगडी पडत गेली. विसाव्या शतकात किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटी दाभोळला थांबत. त्याही पावसाळ्यात बंद असत.

२८/
म्हणून एक विनंती. किनाऱ्यावरील कोणतीही घटना वाचाल तेव्हा सालाशेजारी महिना लिहा. त्या महिन्यात वारा कुठून वाहत होता, घाट उतरता येत होते का, बंदरात जहाजे होती की शाकारलेली, हे स्वतःला विचारा. निकितिनने जुन्नरला काढलेला पावसाळा वाचा. चहूकडे पाणी आणि चिखल असल्याची त्याची तक्रार आहे. परदेशी प्रवाशाची ती कुरकुर म्हणून सोडून देऊ नका. त्या काळातील वाहतूक ठप्प होण्याची ती प्रत्यक्ष साक्ष आहे.

२९/
आणि शक्य झाल्यास एका आषाढी दिवशी दाभोळला जाऊन या. छत्री नेऊ नका, वाऱ्यापुढे टिकत नाही, रेनकोट न्या. किनाऱ्याच्या कडेला, निसरड्या तटांवर जाऊ नका. परतीच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा. गावात हॉटेले बंद असतील, तर डबा सोबत असू द्या. मशिदीत आणि चंडिकादेवीच्या गुहेतील मंदिरात शांतपणे, तेथील रीत पाळून जा.

३०/
डिसेंबर १५०८च्या अखेरीस दाभोळमध्ये जी माणसे मारली गेली, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. नववर्षाच्या सुटीत त्या खाडीकाठी आपण छायाचित्रे काढतो, तेव्हा तारीख तीच असते. ती आपल्याला ठाऊक नसते, एवढेच. पुढच्या वेळी कोणी दाभोळला निघाले, तर त्यांना ही तारीख अवश्य सांगा. आपल्या गावाच्या बंदराविषयी अशी महिन्यासह नोंद ठाऊक असेल, तर खाली लिहा. पुढचा धागा त्यावर करू.